बॉम्बच्या आधीची बारा वर्षं: अटलांटातल्या एका यहुदी मंडळीचं प्रकरण

धार्मिक मंडळीचा पुढारी व्यासपीठावरून एखाद्या अन्यायाविरुद्ध बोलतो तेव्हा त्याची किंमत तो एकटा भरत नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या दुकानाची गिऱ्हाइकं तुटतात, कोणाच्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात, कोणाच्या घरी रात्री-अपरात्री फोन येतात. त्यातल्या काहींना तर ते बोलणं मुळात पटलेलंच नसतं. मग पुढाऱ्याने किती बोलावं? कोणाला विचारून बोलावं? मंडळी मागे नसेल तर पुढे जावं की थांबावं? स्वयंसेवी कामात चार वर्षं काढलेल्या माणसाला हा पेच कुठे ना कुठे गाठतोच.

या पेचाबद्दल माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं प्रकरण अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जॉर्जिया राज्यातलं आहे. अटलांटा शहरातली 'हिब्रू बेनेव्होलंट काँग्रिगेशन' ही यहुदी मंडळी, जिला सगळं शहर नुसतं 'द टेम्पल' म्हणतं. काळ १९४६ ते १९६५. या काळाच्या मधोमध एक स्फोट आहे. १२ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे या मंडळीच्या इमारतीला डायनामाइट लावलं गेलं. गोष्ट सांगणारे बहुधा तिथूनच सुरुवात करतात: बॉम्ब फुटला, शहर जागं झालं, मंडळीची भीती गेली. घटनांचा क्रम बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ मला अपुरा वाटतो. हाच बॉम्ब १९४६ मध्ये फुटला असता तर मंडळीने आपल्या रब्बीचं, म्हणजे धर्मगुरूचं, तोंड बंद केलं असतं, असं माझं ठाम मत आहे. १९५८ मध्ये तसं झालं नाही, याचं कारण मधल्या बारा वर्षांत शोधावं लागतं.

घाबरलेली मंडळी

मंडळीची स्थापना १८६७ ची, म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. सुरुवातीचे बरेच सभासद जर्मनीकडून आलेले व्यापारी. पुढे मंडळीने यहुदी धर्मातला सुधारणावादी मार्ग धरला. प्रार्थनेत इंग्रजीला मोठं स्थान, स्त्री-पुरुष एकत्र बसणार, आहाराचे जुने नियम ज्याच्या त्याच्या मर्जीवर. (मुंबईत भायखळ्याचं रोडेफ शालोम सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, याच उदार प्रवाहातलं. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये सुरू झालेल्या ज्यूइश रिलिजियस युनियनचं ते सिनेगॉग.) अटलांटात १८९५ पासून १९४६ पर्यंत, म्हणजे अर्धं शतक, रब्बी होते डेव्हिड मार्क्स. त्यांचं धोरण सरळ होतं. आपण या दक्षिणेतलेच नागरिक आहोत, शेजाऱ्यांसारखेच आहोत, फक्त प्रार्थनेची जागा वेगळी आहे. पीचट्री रस्त्यावर १९३१ मध्ये उभी राहिलेली इमारतही त्या धोरणाला साजेशी आहे. फिलिप शुट्झ या नामवंत वास्तुकाराने बांधलेली, खांबांची आणि घुमटाची, शहरातल्या प्रतिष्ठित वास्तूंच्या पंगतीत सहज बसणारी.

शेजाऱ्यांसारखं दिसण्याच्या या धडपडीमागे एक ताजी जखम होती. लिओ फ्रँक हा अटलांटातल्या पेन्सिल कारखान्याचा व्यवस्थापक, याच मंडळीशी जोडलेला. १९१३ मध्ये कारखान्यातल्या मेरी फॅगन या तेरा वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी त्याला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली गेली. खटला चालू असताना कोर्टाबाहेर जमाव जमत होता. पुराव्यांबद्दल शंका वाटल्याने गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी १९१५ च्या जूनमध्ये फाशी रद्द करून जन्मठेप दिली. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्टला, हत्यारबंद टोळीने फ्रँकला तुरुंगातून उचललं आणि मॅरिएटा गावाजवळ झाडाला लटकवून मारलं. त्या टोळीत त्या भागातली मान्यवर माणसं होती. कोणावरही खटला झाला नाही. त्याच वर्षाअखेरीस अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी संघटना नव्याने उभी राहिली.

या मंडळीतल्या वयस्क माणसांच्या मनात हे सगळं जिवंत होतं, आणि घराघरांत त्याबद्दल बोलायची चोरी होती. दक्षिणेत तेव्हा शाळा, बस, हॉटेलं, दवाखाने, पाण्याचे नळ, सगळं गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळं होतं, आणि ते कायद्याने. पाणवठा वेगळा ठेवण्याचा अर्थ महाडचं तळं माहीत असलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. यहुदी माणूस या व्यवस्थेत गोऱ्यांच्या रांगेत उभा होता. पण ती जागा केव्हाही काढून घेतली जाऊ शकते हे फ्रँक प्रकरणाने त्याला शिकवलं होतं. अशा माणसाला 'कृष्णवर्णीयांच्या बाजूने उभा राहा' असं सांगणं म्हणजे त्याच्या पायाखालची फळी हलवणं होतं. त्यांच्या गप्प राहण्याला भित्रेपणा म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. ती भीती अनुभवातून आली होती.

रॉथचाइल्ड आणि त्यांची रीत

१९४६ मध्ये मार्क्स यांच्या जागी आले जेकब रॉथचाइल्ड. वय पस्तिशीतलं, मूळचे पिट्सबर्गचे, म्हणजे उत्तरेतले. महायुद्धात ते सैन्याचे धर्मगुरू होते आणि ग्वाडलकनाल बेटावरची लढाई त्यांनी आघाडीवर राहून पाहिली होती. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचं लग्न झालं ते जॅनिस ऑटिंगर यांच्याशी. त्या जॉर्जियातल्याच, कोलंबस गावच्या.

उत्तरेतून आलेला तरुण रब्बी दक्षिणेतल्या जुन्या मंडळीला वंशभेदावर उपदेश करतो, तेव्हा साधारणपणे दोन गोष्टी संभवतात. एक तर त्याची लवकरच रवानगी होते, नाहीतर तो लवकरच शहाणा होऊन गप्प बसतो. रॉथचाइल्ड यांच्या बाबतीत दोन्ही झालं नाही. ते २७ वर्षं, मरेपर्यंत, त्याच मंडळीचे रब्बी राहिले आणि बोलत राहिले. हे कसं जमलं, हाच माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी वेळ निवडली. यहुदी वर्षातले सर्वांत पवित्र दिवस म्हणजे रोश हशाना आणि योम किप्पुर. एरवी सिनेगॉगकडे न फिरकणारेही त्या दिवशी येतात. योम किप्पुर तर आपल्या चुका देवापुढे मोजण्याचा, उपासाचा दिवस. रॉथचाइल्ड यांनी वंशद्वेषाचा विषय नेमका तिथे आणला. १९४८ च्या योम किप्पुरचं त्यांचं प्रवचन याच विषयावर होतं. रोख होता तो द्वेष करणाऱ्यांपेक्षा, द्वेष चाललेला बघून स्वस्थ बसणाऱ्या भल्या माणसांवर. त्यामुळे वंशभेदाचा प्रश्न राजकारणाच्या खात्यातून निघून प्रायश्चित्ताच्या खात्यात गेला. ऐकणाऱ्याला 'हे व्यासपीठ यासाठी नाही' असं म्हणायला जागाच राहिली नाही, कारण त्या दिवशी व्यासपीठ नेमकं यासाठीच असतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी विषय सोडला नाही आणि एका दमात संपवलाही नाही. वर्षामागून वर्षं तीच गोष्ट थोडी पुढे सरकत गेली. मधल्या काळात ते कोणत्याही रब्बीने करायची कामं करत होते: लग्नं लावणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मयतीला जाणं, मुलांना शिकवणं. ज्या घरातल्या म्हाताऱ्याच्या दफनाला रब्बी उभा राहिला, त्या घराला त्याचं प्रवचन खटकलं तरी त्याला हाकलण्याची भाषा सहज तोंडात येत नाही. कार्यकर्ते अशा कामांना 'रोजचं रटाळ' म्हणून बाजूला सारतात. माझ्या मते रॉथचाइल्ड यांच्या प्रवचनांना उभं राहायला जमीन दिली ती याच कामांनी.

तिसरी गोष्ट माणसं एकत्र बसवण्याची. ख्रिस्ती धर्मगुरूंना यहुदी धर्माची ओळख करून देणारा उपक्रम टेम्पलमध्ये चाले आणि त्यात गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही धर्मगुरू येत. एकत्र जेवायला बसणं हीच त्या शहरात तेव्हा बातमी होती. मोअरहाउस या कृष्णवर्णीयांच्या नामांकित महाविद्यालयाचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांच्याशी रॉथचाइल्ड यांचा स्नेह जमला. हे मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात भारतात आले होते आणि वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले होते. अहिंसेवर त्यांनी गांधीजींना खोदून प्रश्न विचारले होते. मोअरहाउसमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग.

मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वंशभेद घटनाविरोधी ठरवला. जॉर्जियातले पुढारी म्हणू लागले की मिसळलेल्या शाळा चालवण्यापेक्षा सरकारी शाळाच बंद करू. १९५७ च्या सप्टेंबरात दक्षिणेतल्याच आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक इथे, नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवायला लष्कर आणावं लागलं. त्यानंतर ३ नोव्हेंबर १९५७ ला अटलांटातल्या ८० धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात एक जाहीर निवेदन छापलं: कायदा पाळा, शाळा चालू ठेवा, बोलण्याचं स्वातंत्र्य राखा, दोन्ही समाजांचा संवाद तोडू नका. आज वाचताना ते फारच जपून लिहिलेलं वाटतं. वंशांचं मिश्रण आम्हाला मान्य नाही असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण त्या काळच्या जॉर्जियात एवढंसुद्धा कोणी एकत्र येऊन म्हटलं नव्हतं. मसुद्याला रॉथचाइल्ड यांनी हातभार लावला. सही मात्र केली नाही, कारण निवेदन ख्रिस्ती श्रद्धेच्या भाषेत होतं. त्याऐवजी त्यांनी स्वतंत्र लेख लिहून पाठिंबा दिला.

किंमत काय असू शकते हे त्यांना दिसत होतं. नोव्हेंबर १९५७ पासून दक्षिणेतल्या सिनेगॉगांवर बॉम्ब ठेवण्याची मालिकाच सुरू झाली होती. आधी नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट. मार्च १९५८ मध्ये एकाच दिवशी मायामी आणि नॅशव्हिल. एप्रिलअखेर जॅक्सनव्हिल आणि बर्मिंगहॅम. बर्मिंगहॅमला बेथ-एल सिनेगॉगपाशी डायनामाइटच्या ५४ कांड्या सापडल्या, वात मध्येच विझली म्हणून अनर्थ टळला. अटलांटातल्या प्रत्येक यहुदी घरात ही बातमी पोचली होती. मंडळीतल्या काहींनी रब्बींनी आवरतं घ्यावं असं सुचवणं स्वाभाविक होतं, आणि तसं सुचवलंही गेलं. पण व्यवस्थापन मंडळाने त्यांना बोलायला बंदी केली नाही. बंदी न करणं ही नोंदवहीत न दिसणारी कृती असते, म्हणून तिला श्रेय मिळत नाही. माझ्या लेखी तो या प्रकरणातला एक मोठा निर्णय आहे.

१२ ऑक्टोबर

रविवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास सुमारे ५० कांड्यांचा स्फोट झाला. इमारतीच्या बाजूची भिंत फाटली, कार्यालयं आणि शाळेच्या खोल्या उद्ध्वस्त झाल्या, रंगीत काचा फुटल्या. नुकसानीचा अंदाज एक लाख डॉलरच्या घरातला. इमारत रिकामी होती. थोड्याच तासांनी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी शेकडो मुलं तिथे यायची होती. स्वतःला 'कॉन्फेडरेट अंडरग्राउंड'चा 'जनरल गॉर्डन' म्हणवणाऱ्या कोणीतरी वृत्तसंस्थेला फोन करून जबाबदारी घेतली आणि रिकामी इमारत उडवण्याची ही शेवटची वेळ असल्याचं बजावलं. रब्बींच्या घरीही फोन आला: घराखाली बॉम्ब आहे, बाहेर पडा. तिथे बॉम्ब नव्हता.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळची उपासना त्याच इमारतीत झाली. प्रवचनाचा विषय आधीच जाहीर केला होता. मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातलं वचन होतं ते: कोणी त्यांना घाबरवणार नाही. सभागृह खचाखच भरलं. एरवी सणालाच येणारी माणसं त्या दिवशी आली. रॉथचाइल्ड यांनी आपल्या भूमिकेतली एक रेघही पुसली नाही.

इथे नऊ वर्षांनंतरची एक घटना शेजारी ठेवून पाहावी. सप्टेंबर १९६७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात बेथ इस्राएल सिनेगॉगवर बॉम्ब फुटला, आणि नोव्हेंबरात तिथले रब्बी पेरी नुसबाउम यांच्या घरावर. नुसबाउमही नागरी हक्कांच्या बाजूने उभे राहिलेले, तुरुंगातल्या सत्याग्रहींना भेटायला जाणारे. पण त्यांच्या मंडळीतल्या काहींनी हे संकट रब्बींनीच ओढवून घेतलं असं म्हटलं. मिसिसिपीतलं वातावरण अटलांटापेक्षा कितीतरी विखारी होतं, यहुदी वस्ती लहान होती, तेव्हा दोन रब्बींची तुलना करून एकाला कमी लेखणं अन्यायाचं होईल. मला एवढंच दिसतं की बॉम्ब स्वतःहून कोणाला धीट करत नाही. तोच धक्का एका मंडळीला रब्बीभोवती गोळा करतो आणि दुसरीकडे रब्बीकडे बोट दाखवायला लावतो.

जॅनिस रॉथचाइल्ड यांनी पुढे लिहिताना या स्फोटाला जखम भरून काढणारा बॉम्ब म्हटलं. त्याचा अर्थ समजण्यासारखा आहे. लिओ फ्रँकच्या वेळी शहरातला जमाव यहुद्यांवर उठला होता, आता तेच शहर त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. महापौर विल्यम हार्ट्सफील्ड त्याच दिवशी ढिगाऱ्यापाशी आले आणि द्वेष भडकवणाऱ्या राजकारण्यांनाच या स्फोटाचे पालक म्हणाले. 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन'चे संपादक राल्फ मॅगिल यांनी टेम्पलवरचा स्फोट आणि त्याच्या आठवडाभर आधी टेनेसीतल्या क्लिंटन गावी शाळेवर झालेला स्फोट एकत्र धरून अग्रलेख लिहिला. कायदा मोडायला पुढाऱ्यांनीच शिकवलं तर पुढे हेच होणार, असा त्याचा रोख होता. १९५९ चं अग्रलेखनाचं पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळालं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निषेध केला. चर्चेसनी जागा देऊ केल्या, देशभरातून पैसे आले. नोव्हेंबरात धर्मगुरूंचं दुसरं निवेदन निघालं, त्यावर ३१२ सह्या होत्या. एका वर्षात ८० वरून ३१२.

कोर्टात मात्र काही हाती लागलं नाही. पाच जणांवर आरोप ठेवले गेले. खटला एकावरच चालला. पहिल्या वेळी ज्युरीचं एकमत होईना, दुसऱ्या वेळी, जानेवारी १९५९ मध्ये, तो सुटला. बाकीच्यांवरचे खटले उभेच राहिले नाहीत. या स्फोटासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

ज्याचा हिशेब कमी मांडला जातो

शहराच्या या सहानुभूतीचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करू नये. बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या एका वस्तीत १९४७ पासून इतक्या घरांना सुरुंग लावले गेले की तिचं नावच 'डायनामाइट हिल' पडलं. १९५६ च्या नाताळच्या रात्री त्याच शहरातल्या बेथेल बाप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू फ्रेड शटल्सवर्थ घरात असताना ते घर उडवलं गेलं. अशा स्फोटांनंतर राष्ट्राध्यक्षांचे निषेध येत नव्हते. पीचट्री रस्त्यावरच्या देखण्या इमारतीवर, गोऱ्या समाजात उठबस असलेल्या मंडळीवर हल्ला झाला, तेव्हा शहराच्या सत्ताधारी वर्गाला आपल्यातल्याच कोणावर तो झाल्यासारखा वाटला. मार्क्स यांनी पन्नास वर्षं जपलेली ती जवळीक त्या दिवशी कामी आली. हे कटू आहे, पण मंडळीच्या धैर्याला त्याने कमीपणा येत नाही. धैर्याची किंमत सगळ्यांना सारख्या दराने मोजावी लागत नाही, हे मात्र यातून उघड होतं. या प्रकरणाची चर्चा स्वयंसेवकांबरोबर करताना मी हा मुद्दा कधी गाळू देणार नाही.

याची दुसरी बाजू दोन वर्षांनी समोर आली. रिचेस हे अटलांटातलं सर्वांत मोठं दुकान, हंगेरीहून आलेल्या मॉरिस रिच या यहुदी व्यापाऱ्याने १८६७ मध्ये सुरू केलेलं. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना तिथे उधारीवर माल मिळे, पण दुकानातल्या मॅग्नोलिया रूम या उपाहारगृहात बसून जेवता येत नसे. १९ ऑक्टोबर १९६० ला विद्यार्थ्यांनी तिथे धरणं धरलं. किंगही त्यांच्याबरोबर बसले आणि पकडले गेले. बहिष्कार सुरू झाला, १९६१ च्या मार्चमध्ये तडजोड झाली आणि सप्टेंबरात शहरातली उपाहारगृहं खुली झाली. म्हणजे व्यासपीठावरचं धैर्य आणि दुकानाच्या गल्ल्यावरची सावधगिरी एकाच समाजात शेजारी शेजारी नांदत होती. ती कोंडी फोडली ती विद्यार्थ्यांनी. रब्बीचं प्रवचन मंडळीचं मन तयार करू शकतं, पण ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या सत्याग्रहाची जागा ते घेऊ शकत नाही.

तयारीचं काम

शाळांचा प्रश्न सुटला तो बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या चिकाटीमुळे. १९५८ च्या डिसेंबरात अटलांटातल्या आयांनी 'होप' नावाची संघटना उभी केली. मागणी एकच: सरकारी शाळा बंद पडू देऊ नका. वंशभेद चूक की बरोबर या वादात संघटना पडली नाही, आणि सभासद गोऱ्याच ठेवल्या, म्हणजे गोऱ्या मतदारांचा आवाज म्हणून आमदारांना तो ऐकावा लागेल. तत्त्वाच्या दृष्टीने ही तडजोड टोचणारी आहे. ती करायला नको होती असं मात्र मला म्हणता येत नाही, कारण घरोघर फिरून, सभा भरवून, आमदारांना गाठून या बायकांनी जनमत फिरवलं. रॉथचाइल्ड यांनी शाळा चालू राहाव्यात यासाठी जाहीरपणे बाजू मांडली. ३० ऑगस्ट १९६१ ला नऊ कृष्णवर्णीय मुलं चार हायस्कुलांत दाखल झाली, आणि दंगल झाली नाही.

किंग १९६० मध्ये कुटुंबासह अटलांटाला राहायला आले होते. दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं. एका संध्याकाळी किंग दांपत्य रॉथचाइल्ड यांच्याकडे जेवायला उशिरा पोचलं. जॅनिस यांनी सांगितलेली आठवण अशी: रस्त्यावर अंधार होता, घर सापडेना म्हणून एका दारी विचारावं लागलं. किंग यांनी यजमानांना धीर दिला की तुमच्या शेजाऱ्यांपुढे तुम्हाला अवघड होऊ नये म्हणून मी कोरेटाला दाराशी पाठवलं, म्हणजे त्यांना वाटेल की आम्ही मेजवानीत वाढपी म्हणून आलोय. पाहुण्याने यजमानाची इभ्रत जपण्यासाठी स्वतःला नोकर ठरवावं, हे वाचताना अजूनही आत काहीतरी तुटतं.

ऑक्टोबर १९६४ मध्ये किंग यांना नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झालं. अटलांटाने आपल्या या नागरिकाचा सत्कार करायला हवा होता, पण शहराच्या धनिकांना ते नको होतं. बेंजामिन मेज, रॉथचाइल्ड, मॅगिल आणि कॅथलिक आर्चबिशप पॉल हॅलिनन या चौघांनी भोजन समारंभाचा घाट घातला. आमंत्रणांना सुरुवातीला थंड प्रतिसाद मिळाला. 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये त्याची बातमी आली. महापौर आयव्हन ॲलन आणि कोका-कोलाचे प्रमुख पॉल ऑस्टिन यांनी उद्योगपतींना गाठून समज दिल्यावर तिकिटं भराभर खपली. कोका-कोलाला अटलांटाची गरज नाही, कोका-कोलाची गरज आहे की नाही हे अटलांटाने ठरवावं, अशा अर्थाचं ऑस्टिन बोलल्याचं सांगतात.

२७ जानेवारी १९६५ ला डिंकलर प्लाझा हॉटेलात सुमारे १५०० माणसं, गोरी आणि कृष्णवर्णीय, एकाच दालनात शेजारी शेजारी जेवायला बसली. अटलांटात असं एवढ्या प्रमाणावर कधी झालं नव्हतं. सूत्रसंचालन रॉथचाइल्ड यांच्याकडे होतं. शहराच्या वतीने किंग यांना डॉगवुडच्या फुलांची नक्षी असलेलं काचेचं पात्र त्यांनीच दिलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून 'वुई शॅल ओव्हरकम' म्हटलं. उद्योगपतींचा दबाव नसता तर दालन भरलं नसतं, हे खरं. पण आमंत्रण द्यायला शहरातल्या कोणत्या गोऱ्या माणसावर कृष्णवर्णीय नेते विश्वास टाकतील, हा प्रश्न ऑस्टिन सोडवू शकत नव्हते. मेज आणि रॉथचाइल्ड यांची मैत्री नोबेलच्या कितीतरी आधीची होती. तशी ओळख आणीबाणीच्या आठवड्यात तयार करता येत नाही.

तीन वर्षांनी किंग यांची हत्या झाली, तेव्हा शहरातल्या धर्मगुरूंच्या स्मरणसभेत श्रद्धांजलीचं भाषण रॉथचाइल्ड यांनी केलं. ३१ डिसेंबर १९७३ ला ते हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी ॲल्विन शुगरमन आले. १९८० च्या दशकात, त्यांच्या काळात, मंडळीने आपल्या इमारतीत बेघर जोडप्यांसाठी हिवाळ्यातला रात्रनिवारा सुरू केला. बेघरांच्या निवाऱ्यांत पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे ठेवण्याची पद्धत असते. त्यामुळे अनेक नवराबायको निवाऱ्यात जाण्यापेक्षा रस्त्यावर एकत्र राहणं पत्करतात. या मंडळीने नेमकी तीच जोडपी घेतली. हे काम १९५८ इतकं धोक्याचं नव्हतं आणि त्यावर कोणी अग्रलेख लिहिले नाहीत. रोज संध्याकाळी कोणीतरी स्वयंपाक घेऊन यायचं, कोणीतरी रात्री मुक्कामाला थांबायचं, आणि त्या माणसांची पाळी मंडळीने स्वतःच्या सभासदांतून लावायची, असं ते काम होतं.